आईची जीभ आणि भोरड्या

परवा सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, भोरड्या उतरल्यात. जोंधळा हुरड्यात आलाय. यायचं आसंल तर बिगी या, न्हाईतर पाखरं खात्याली." एवढं सांगून तिने फोन ठेवलासुद्धा. वहिनीचं फोनवर बोलताना नेहमी दूध उतू जात असतं. मी सुप्याला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. हुरड्याचं नाव काढलं की माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. माझी जीभ मात्र आपोआप उचलली गेली आणि वरच्या दातांमागे जाऊन लागली. ता. ता. ता. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय झालं?" काही नाही, म्हटलं. त्याला काय सांगणार? तीन वर्षं झाली, हा हंगाम आला की हुरड्याच्या चवीआधी मला जिभेचा व्यायाम आठवतो.

आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडे, कोरड्या अंगाला. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागे उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि ज्वारी. पौषात ज्वारीच्या कणसात दूध भरतं आणि त्याच सुमाराला कुठून तरी लांबून भोरड्या येतात. काळी डोकी, गुलाबी अंगं, थव्यावर थवे. एक थवा उतरला की शेताचा एक पट्टा मोकळा झालाच म्हणून समजा. त्यासाठी आमच्याकडे अजून शेताच्या मधोमध माळा बांधतात. चार मेढी रोवायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबा बडवायचा, घसा फुटेस्तोवर ओरडायचं. हल्ली लोक चमकणाऱ्या फिती बांधतात, पण भोरड्या चार दिवसांत फितींना ओळखतात. माणसाच्या आवाजाला मात्र त्या अजून घाबरतात. आणि आमच्या आईच्या आवाजाला तर पंचक्रोशीत नाव होतं. ती माळ्यावरून ओरडली की शेजारच्या शेतातलीसुद्धा पाखरं उठायची. शेजारचा शेतकरी फुकटात राखण झाली म्हणून खूश असायचा.

तीन वर्षांपूर्वी, कार्तिकात, चुलीपुढे बसलेल्या आईच्या हातून भाकरी तव्याच्या बाहेर पडली. तिने ती उचलली, तर पुन्हा बाहेर. वहिनी हसली. मग आईने मान वर केली आणि वहिनीचं हसू जागच्या जागी थांबलं. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता. आई काहीतरी म्हणत होती आणि ते कुणालाच कळत नव्हतं. दादाने शेजारच्याची गाडी काढली आणि तिला नगरला आणली. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण आमच्यासाठी दवाखान्याचं गाव म्हणजे अजून नगरच. आठ दिवसांनी ती घरी आली. पाय चालत होता, उजवा हात कच्चा होता आणि बोलणं म्हणजे सगळे शब्द एकमेकांना चिकटून आल्यासारखे. मी शाळेतून रजा काढली आणि माहेरी जाऊन बसले. मी मराठी शिकवते. बोलण्याचं काम आपल्याला येतं, असा माझा गोड गैरसमज होता.

घास तिच्या उजव्या गालात अडकून राहायचा. तो तिथे आहे हे तिला कळायचंच नाही. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने मी बोट घालून दुधात कुस्करलेल्या भाकरीचा लगदा काढायची आणि ती डोळे मिटून घ्यायची. तोवर मी जिभेचा कधी विचारच केला नव्हता. दिवसभर वर्गात चुरूचुरू चालणारी माझी जीभ तोंडात कुठे असते, कशाला टेकते, हे मला पन्नाशीत कळलं. साधं "भाकरी" म्हणायचं तर ओठ मिटायला लागतात, जबडा उघडायला लागतो, जिभेचं मागचं अंग वर जातं, मग शेंडा वर जातो. एवढी सगळी मंडळी वेळेवर हजर असतात म्हणून एक शब्द होतो. कुणी एक उशिरा आला की बिघडलंच.

महिन्याभराने तिला बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे नेलं. मॅडम कसल्या, तिशीतली पोरगी, पण हात आणि नजर पक्की. तिने आईला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ बाहेर आली ती उजवीकडे वळून. मग दोन्ही कोपऱ्यांना लाव, टाळूला लाव, गाल फुगव, जबडा उघड, डावीकडे सरकव. "पा पा पा म्हणा. आता ता ता ता." पा जमत होतं. ता म्हणताना जिभेचा शेंडा दातांपर्यंत पोचायचाच नाही, मध्येच थकून बसायचा.

मग ती मला म्हणाली, "ताई, यात दोन गोष्टी असतात. कधी शब्द आत शाबूत असतो, फक्त जीभ आणि जबडा साथ देत नाहीत. कधी आतला शब्दच हरवलेला असतो. आईंचं कोणतं आहे ते बघायला लागेल." आणि तिने चित्रं दाखवायला सुरुवात केली. कप. गाय. चप्पल. आईने सगळी ओळखली, बोबडी का होईनात. माझं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं.

"आता यजमानांचं नाव सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. दाराबाहेर बाकावर नाना, म्हणजे माझे वडील, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, त्यांची टोपी तेवढी दिसत होती.

"आजी, बाहेर बसलेत ते कोण?"

"घरचं," आई म्हणाली.

"बरोबर. नाव काय त्यांचं?"

मॅडमने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईचे डोळे भरून आले. मॅडमने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "एरवी माहीत असणारच ना?" आणि मी, पाच-पन्नास मुलांना मराठी भाषा आणि संस्कृती शिकवणारी मी, ताडकन म्हणाले, "म्हणजे काय! पन्नास-पंचावन्न वर्षांचा संसार आहे." तिने कागदावर काहीतरी लिहिलं. लगेच काही सांगता येणार नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा या, असंच ती म्हणाली. पण आम्हाला कुठे थांबायचं होतं? आम्ही निकाल घेऊनच घरी आलो.

"मालकाचं नाव इसरली." दोन दिवसांत ही बातमी उरलेल्या अर्ध्या गावात फिरली. बघायला येणाऱ्या बायका आईच्या पुढ्यात बसून आईविषयी माझ्याशी बोलू लागल्या. "वळखती का गं? खाती का?" धान्याच्या खोलीची किल्ली दादाने गुपचूप खुंटीवरून काढून वहिनीकडे दिली. या वर्षी बी कोणतं ठेवायचं, हे चाळीस वर्षं आई ठरवायची. दादा नानांना विचारू लागला, नाना "बघू" म्हणू लागले. दादा वाईट नाही. तो म्हणाला, "शोभे, तिला इचारून तरी काय उपेग? तिला तरास कशाला?" आणि मला राग आला, पण खरं म्हणजे मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आई माझ्याकडे बघून हसली की मला प्रश्न पडायचा, ही मला बघून हसली की नुसतीच हसली? मला माझी आई आत आहे की नाही, एवढंच हवं होतं. एवढं एकच कुणी सांगत नव्हतं.

व्यायामाचं तर विचारूच नका. घरात आई जीभ बाहेर काढायलाच तयार नव्हती. ओसरीवर नाना, सोप्यात दादा, येणारी-जाणारी माणसं. बाई माणसाने, तेही या वयात, बाप्यांसमोर आ वासून जीभ दाखवायची? मी आरसा धरला की ती पदर तोंडावर ओढायची. मी आधी स्वतः करून दाखवायची. पन्नाशीची बाई, तांबडी जीभ बाहेर काढून हलवतेय, हे बघून शेजारची म्हातारी म्हणाली, "आता लेकीला बी झालं काय?" मी चिडले, हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. आईला कळत नाही म्हणून ती करत नाही, की सगळं कळतं म्हणून करत नाही? एकाच गोष्टीचे दोन उलटे अर्थ निघत होते आणि दोन्ही पटत होते.

मग एक दिवस सकाळी आई घरात नव्हती. गोठ्यात नाही, परसात नाही, देवळात नाही. दादा मोटरसायकल घेऊन फाट्याकडे धावला. "बगितलंस? आता कुटं बी निघून जायला लागली," असं ओरडतच गेला. मी अनवाणी शेताकडे पळाले. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, पानांवरच्या दवाने माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. आई माळ्याच्या मेढीला टेकून उभी होती. वर एक थवा फिरत होता. तिने त्याच्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे रागाने बघितलं. पाखरं कणसांवर बसलीत आणि तुम्ही सगळे घरात काय करताय, असा तो राग होता. निदान मला तसा वाटला. दादाला तो वाटला नाही. आज तीन वर्षांनी कुणी छातीला हात लावून विचारलं, तर मीही शपथ घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी माळ्याच्या मेढी कापल्या आणि तो कंबरेएवढा ठेंगणा केला. आईला चढता यावं म्हणून. आणि आमची शाळा तिथे भरू लागली. नानांचा दाढीचा आरसा मेढीला टांगला. मॅडमने मध सांगितला होता, आमच्याकडे काकवी होती. तिच्यात बुडवलेलं बोट मी आईच्या ओठांच्या कोपऱ्याला लावायची आणि आईने ती जिभेने टिपायची. डावा कोपरा पटकन साफ व्हायचा. उजव्या कोपऱ्यातली काकवी हनुवटीवर ओघळायची, तिच्यावर माशी बसायची आणि आई एवढी वैतागायची की त्या वैतागाच्या भरात जीभ दोन जवभर पुढे सरकायची. चारी बाजूंना उंच ज्वारी, बघायला कुणी नाही. आई आ वासायची, जबडा हलवायची, जीभ टाळूला चिकटवून टक् करून सोडायची. तो टक् पहिल्यांदा नीट वाजला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या हसण्याबद्दल मात्र मला शंका नाही.

दहा-बारा दिवस गेले आणि एका सकाळी तिने माझ्या हातातली काकवीची वाटी काढून घेतली. "जा," म्हणाली. "मी कर्ती." मला हे नवीन होतं. मी विहिरीच्या कडेला जाऊन बसले. ज्वारीतून तिचा आवाज यायचा. डावा हात डब्यावर पडायचा आणि मागोमाग एक लांब, फाटका, खरखरीत आवाज. हाऽऽ की काय, कळायचं नाही. भोरड्या मात्र उठायच्या. रोज तेच. मी चहा घेऊन गेले की ती एकदम गप्प व्हायची आणि आरशात बघून शहाण्यासारखी ता ता ता करू लागायची.

जाता-येता मला नाना दिसायचे. बांधावरच्या बाभळीखाली, कुदळ टेकून, माळ्याकडे पाठ करून उभे. एकदा मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "नाना, इथं उभं राहण्यापरीस तिच्याजवळ जाऊन बसा की. चार शब्द बोला. तुमचं नाव विसरलीय ती."

नाना म्हणाले, "बांध बगतोय. उंदरांनी बिळं पाडल्यात."

पुरुषांना मेलं कशाचं काही नसतं, असं मनात म्हणत मी घरी आले.

संक्रांतीला वहिनीने तिळाच्या वड्या थापल्या. चार बायका हळदीकुंकवाला आल्या, त्यातल्या एका नव्या सुनेला सगळ्यांनी नाव घ्यायला लावलं. ती लाजत, अडखळत उखाणा घेत होती आणि मी शेजारी बसून उसासा टाकला की बघा, हिला नवऱ्याचं नाव घेता येतं आणि आमच्या आईला आठवत नाही. वहिनी वाण देता देता थबकली.

"वन्सं, तवा आत्याबाईंला नुसतं इचारलं का, नाव सांगा आसं?"

"मग कसं विचारणार?"

"आवो, त्या कशा घ्यात्याल? आजपातुर कवा घेतलंय त्यांनी? मामंजी भाईर बसल्यालं, तुमी म्होरं. उखाना न्हाई, काय न्हाई."

मी वडी हातात घेऊन तशीच बसले. लग्नानंतर मी नवऱ्याला नावाने हाक मारते हे कळल्यावर आई चार महिने माझ्याशी धड बोलली नव्हती. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणारी ती बाई. मतदानाच्या वेळी यादीतलं नाव पटवायला नवऱ्याचं नाव विचारलं, तर शेजारणीला "तू सांग" म्हणणारी. आणि मी, तिच्या पोटची, त्या खोलीत तिच्या शेजारी बसून म्हणाले होते, म्हणजे काय! मला स्वतःची एवढी लाज वाटली आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की मी नव्या सुनेच्या गळ्यात पडले. ती बिचारी घाबरली. दादाला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "च्यायला, व्हय की." संध्याकाळी किल्ली खुंटीवर परत आली.

पुढच्या खेपेला मॅडमला मी सगळं सांगितलं. तीही ओशाळली, मग हसली. "आजी, उखाण्यात घ्या," म्हणाली. आईने पदर सावरला. जबडा हळूहळू उघडला, एकेक अक्षर वजन तोलून उचलावं तसं बाहेर काढलं. ओठाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती तिने स्वतःच पुसली.

"भोर्डीला मार्ला गोफनीचा खडा, सूर्यभानरावांचं नाव घेते, आता तरी घरी सोडा."

मॅडम टाळ्या वाजवत होती. मी रडत होते. बाहेर बाकावर टोपी हलली नाही.

ही गोष्ट मी नंतर किती जणांना सांगितली असेल! शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नात, एसटीत. शिकलेल्या लेकीची फजिती आणि न शिकलेल्या सुनेची अक्कल. लोक हसतात, हळहळतात, आपापल्या आज्यांच्या आठवणी काढतात. गोष्ट चांगली गोळीबंद आहे. माझ्या डोक्यातला त्या हंगामाचा सगळा गुंता तिने सोडवला होता.

आणि काल हुरड्याला गेले.

आई आता बोलते. सावकाश, र आणि ळ वर जरा घसरत, पण बोलते. ठेंगणा माळा तसाच आहे, आता त्यावर वहिनी उभी राहते. बाभळीखाली आगटी पेटवली होती, नाना गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसत होते. गरम हुरडा तळहातावर चोळून माझ्या पुढ्यात येत होता, सोबत लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. मी सुखात होते. तिथेच मी पुन्हा ती गोष्ट काढली, आईला चिडवायला. "काय गं, नाव घ्यायची लाज वाटली म्हणून आम्हाला महिनाभर रडवलंस."

आई हुरडा चघळत होती. उजव्या गालातला दाणा जिभेने काढून तिने गिळला, मग म्हणाली, "न्हाई गं शोभे. खरंच न्हवतं आठवत."

मला वाटलं, ती माझीच मस्करी करतेय.

"तोंड दिसत हुतं. टोपी दिसत हुती. नावाच्या जागंला नुसतं मोकळं. लई भ्याले मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनाला सांगू? जे नाव तोंडातनं काढायचंच न्हाई, ते इसरले म्हनून कुनाला सांगू?"

माझ्या हातातला हुरडा निवून गेला. म्हणजे मॅडमच्या कागदावरचं बरोबर होतं? म्हणजे वहिनीची अक्कल, माझी फजिती, परत आलेली किल्ली, सगळं चुकीच्या गोष्टीवर उभं होतं? की तेही खरं होतं? आई आत होती का नव्हती, हा माझा प्रश्न, त्याचं उत्तर होतं की ती आत होती, आणि एकटीच काहीतरी शोधत होती. मला तीन वर्षांपूर्वीपेक्षा जास्त गोंधळल्यासारखं झालं. एवढं जवळ बसून, तिच्या गालात बोट घालून, मला काहीच दिसलं नव्हतं.

"मग वहिनीनं सांगितलं तेव्हा?"

"तवर गावलं हुतं. म्हनलं, ऱ्हाऊ दे आसंच. बरं हाय."

"गावलं? कुठं गावलं?"

आईने हनुवटीने शेताकडे दाखवलं. "माळ्यावर. भोरड्या उटल्या एकदम, आन् आलं तोंडात. मग वाटलं, पुन्यांदा जाया नगं. म्हनून तुला घालवून द्यायचे आन् रोज घ्यायचे. मोट्यानं. जीब वळंना तरी घ्यायचे." ती लाजली, सत्तरीची बाई, आणि पदराने तोंड पुसलं. "पाखरान्ला काय कळतंय?"

नाना आगटीवर वाकून फुंकर घालत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "मला कळत हुतं."